न अडलेलं संमतिपत्र

१

मंगळवारी सकाळी मंडळाचं कपाट उघडलं, तर हिरवी फाइल जागेवर नव्हती. कुलूप शाबूत होतं, दार शाबूत होतं. बियाण्यांची पाकिटं, सभांची इतिवृत्तं, माझी मुरांब्याची वही, सगळं जिथल्या तिथे. गेली होती ती फक्त चौऱ्याहत्तर सभासदांच्या सह्यांची फाइल.

मी एडेलट्राउड हाउबोल्ड, वय अडुसष्ट. वाइडेनरोडाच्या बचत बँकेत एकेचाळीस वर्षं काउंटरवर बसले. निवृत्त झाल्यावर इथल्या बागवसाहतीच्या मंडळाने मला खजिनदार केलं, कारण जुने खजिनदार वुंडरलिश वारले आणि दुसऱ्या कोणाला ते लोढणं गळ्यात नको होतं. वसाहतीत बागेचे एकसष्ट तुकडे आहेत. सतरा नंबरचा माझा. एकतीस वर्षं तिथली माती माझ्या नखांत आहे. भिंतीला बांधून वाढवलेली नाशपातीची दोन झाडं नवऱ्याने लावली होती, तो गेला तेव्हाही मी तिथेच छाटणी करत होते. घर माझं भाड्याचं आहे, माझं म्हणावं असं जगात तेवढंच.

त्या जानेवारीत देशभरच्या मंडळांचे खजिनदार हैराण होते. फेब्रुवारीपासून प्रत्येक देशाची बँकेची वेगळी पद्धत बंद आणि सगळ्या युरोपाला एकच पद्धत सुरू. जुना खातेक्रमांक आणि बँकेचा कोड जाऊन त्यांच्या जागी बावीस घरांचा नवा क्रमांक. आकड्यांना मी घाबरत नाही. पण नव्या पद्धतीत एक जादा रकाना होता. सभासदाच्या खात्यातून वर्गणी परस्पर वळती करायची, तर त्याने संमतिपत्रावर सही केल्याची तारीख भरा, आणि तो सहीचा कागद जपून ठेवा. कागद नसेल तर सभासद तेरा महिन्यांपर्यंतची वर्गणी बँकेकडून परत मागू शकतो. तोवर ही तारीख कोणी कोणाला विचारली नव्हती. त्यामुळे कित्येक वर्षांत ती फाइल पहिल्यांदा उघडली ती मी, आणि शेवटचं पान उतरवून काढल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती गायब.

अध्यक्ष फोल्कमार झायडलमान दहा मिनिटांत हजर झाला. एरवी तो मला ट्राउडल म्हणतो. त्या दिवशी त्याने सभेतलं संबोधन काढलं.

"बागमैत्रीण हाउबोल्ड, कपाटाची किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडे, तुझ्याकडे, पेगीकडे आणि हायनरकडे. तुला पाठ आहे."

"पण कागदांची जबाबदारी तुझी. शनिवारी सर्वसाधारण सभा आहे. त्याआधी तू राजीनामा दे. नाहीतर कागदपत्रांच्या बाबतीत घोर निष्काळजीपणा म्हणून मी तुला काढून टाकण्याचा ठराव मांडतो. नियम तुला माहीत आहे. सभासदत्व गेलं की तुकडाही गेला."

"फोल्कमार," मी म्हटलं, "सतरा नंबरवरून मला काढायचं तर फावडं घेऊन ये. कागदाने मी हलायची नाही."

त्याने कोटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. माझा राजीनामा होता, टाइप केलेला, फक्त सही बाकी. फाइल हरवल्याचं कळून त्याला दहा मिनिटं झाली होती.

२

फाइलचोर शोधायला पोलीस येत नाहीत. मीच निघाले. ज्याचं जळतं त्यालाच धावावं लागतं, आणि माणसं काय सांगतात यापेक्षा काय गाळतात हे मला काउंटरने शिकवलं आहे.

पहिली गाठली पेगी लिंडेनाउ, मंडळाची चिटणीस. छत्तीस वर्षांची, कर सल्लागाराच्या कचेरीत नोकरी, आणि मी जुन्या जमान्याची आहे हे मला न चुकता कळवणारी. मी संमतिपत्रं वहीत उतरवायची आणि तिने वहीवरून संगणकात भरायचं, अशी आमची वाटणी होती. ती वही मुळात माझी मुरांब्याची. पुढच्या पानांत प्लमचं नि जर्दाळूचं प्रमाण, मागच्या पानांत मंडळाचे सभासद. कोरी पानं टाकून नवी वही घेणं माझ्या स्वभावात नाही.

सोमवारी पाच वाजता काम संपवून ती घरी गेली, असं पेगी म्हणाली. फाइल तिला कधी लागलीच नाही. "तुमच्या वहीत आहे ते सगळं आहे. फाइल घेऊन मी काय करू? शेगडी पेटवू?"

"आणि फोल्कमारचं काय?"

ती जरा घुटमळली. मग म्हणाली की काम कधी संपणार हे तो आठवडाभर रोज विचारत होता. आणि हायनरही विचारत होता, पण हायनर सगळ्यांनाच सगळं विचारतो.

निघताना तिने मला संगणकाने काढलेली लाल यादी दिली. आमच्या बचत बँकेचं २००३ साली शेजारच्या जिल्ह्याच्या बँकेत विलीनीकरण झालं आणि तिचा कोड बदलला. त्यामुळे २००३ च्या आधीच्या संमतिपत्रांवर मेलेला कोड होता, आणि नवा क्रमांक बनवताना संगणक ती एकेक करून अडवत होता. पेगीला ती सगळी हाताने दुरुस्त करावी लागली होती.

"जुनी सगळी अडली," ती म्हणाली. "एकोणतीस. माझे दोन दिवस तुमच्या जुन्या बँकेने खाल्ले."

माझ्या जुन्या बँकेचं कोणी वाईट बोललं की मला राग येतो. मी यादी पिशवीत टाकली आणि निरोपही न घेता निघाले.

३

हायनर क्रेचमार आमचं कँटीन चालवतो. मोठा, सुस्त, मनमिळाऊ माणूस. वसाहतीतल्या निम्म्या लोकांची लग्नं आणि उरलेल्या निम्म्यांची मयतानंतरची कॉफी त्याच्याकडे झाली आहे. माझ्या नवऱ्याच्या वेळी त्याने पैसे घेतले नव्हते. वुंडरलिशना शेवटी शेवटी दिसत नसे, तेव्हा मंडळाचे कागद हायनरच लावून द्यायचा.

बुधवारी मी गेले तेव्हा त्याने न विचारताच आंबट सोल्यांका सूप समोर ठेवलं आणि हातातलं फडकं टेबलावर आपटलं. फोल्कमारला लाज वाटायला हवी, असं तो चार टेबलांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. शनिवारी तो स्वतः उठून माझ्या बाजूने बोलणार होता. सोमवारी संध्याकाळी फोल्कमार बॉयलर बघायला म्हणून आला होता आणि मंडळाच्या खोलीत बराच वेळ होता, हेही त्याने सांगितलं. मला बरं वाटलं. दोन दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी मला ट्राउडल म्हटलं होतं.

घरी येऊन मी दिवा लावला, एका बाजूला वही ठेवली, दुसऱ्या बाजूला लाल यादी. का, ते मला धड सांगता येणार नाही. काउंटरवर दिवसाच्या शेवटी दोन बाजू जुळवल्याशिवाय मी कधी उठले नव्हते.

वहीत आमच्या बँकेची, २००३ च्या आधी सही झालेली संमतिपत्रं मोजली. तीस.

लाल यादीत एकोणतीस.

पुन्हा मोजलं. तीसच. म्हणजे एक जुनं संमतिपत्र असं होतं की ज्याने संगणकाला काहीच त्रास दिला नाही. कोणाला त्रास झाला नाही म्हणून कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. मी तरी कुठे पाहिलं? माझ्याच अक्षरात समोर होतं. सहीची तारीख १४ मे १९९६. बँकेचा कोड नवा, विलीनीकरणानंतरचा.

जो कोड जन्मायला अजून सात वर्षं होती, तो १९९६ साली कोणी लिहील कसा? मी स्वतः तो उतरवला होता आणि माझ्या हाताला काही खटकलं नव्हतं. एकेचाळीस वर्षांची नोकरी, आणि डोळे मिटून नक्कल. मला माझी शरम वाटली.

नावावर बोट ठेवलं. तुकडा क्रमांक आठ, आनेट बोर्न. हायनरची मुलगी.

४

आठ नंबर २००९ साली रिकामा झाला होता. आमच्याकडे तुकडा मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. माणूस आधी सभासद होतो, संमतिपत्रावर सही करतो आणि त्या तारखेने रांगेत उभा राहतो. मग ज्याची तारीख आधी त्याचा तुकडा. २००९ साली रांगेत सर्वांत पुढे कोण होतं, हे जुन्या इतिवृत्तात सापडलं. फाम थी लुआ.

गुरुवारी मी स्टेशनजवळच्या तिच्या दुकानात गेले. ती कपडे दुरुस्त करते. सत्त्याऐंशी साली आमच्या सूतगिरणीत कामाला म्हणून व्हिएतनामहून आली, गिरणी बंद पडली, ती राहिली. माझ्या तीन कोटांच्या चेन तिने बसवल्या आहेत आणि इतक्या वर्षांत आम्ही चेनपलीकडे काही बोललो नव्हतो.

मी विचारल्यावर तिने मशीन थांबवलं आणि खणातून प्लास्टिकचं पाकीट काढलं. त्यात तिच्या संमतिपत्राची कार्बन प्रत होती, ३ एप्रिल १९९८ ची. आणि २००९ चं मंडळाचं पत्र. आपल्या आधीची तारीख असलेले एक सभासद आढळल्यामुळे तुकडा त्यांना देण्यात आला आहे. खाली सही फोल्कमार झायडलमान.

"तुम्ही तेव्हा तक्रार का नाही केली, फ्राउ फाम?"

"कशाच्या जोरावर? अकरा वर्षं थांबले होते. मला वाटलं, तुमची यादी माझ्या आठवणीपेक्षा नीट असणार. तुम्ही लोक याद्या नीट ठेवता ना?"

तिने ते टोचून म्हटलं, आणि मला टोचलं.

तिथून मी तडक फोल्कमारच्या दारात. पत्रावर सही त्याची, राजीनामा आधीच खिशात त्याच्या, सोमवारी मंडळाच्या खोलीत तो. माझ्या मनात खटला निकाली निघाला होता. मी त्याला आत न जाताच सगळं सुनावलं.

तो आधी लाल झाला, मग चक्क ओशाळला. वुंडरलिशनी १९९६ चं संमतिपत्र दाखवलं, तारीख आधीची होती, त्याने सही केली. त्यापुढे त्याने डोकं चालवलं नाही. आणि राजीनामा? तो त्याने नाताळातच टाइप करून ठेवला होता. ऑक्टोबरात मी त्याच्या कुंपणाला टेप लावून ते नियमापेक्षा चौदा सेंटिमीटर उंच असल्याचं सभेत सांगितलं होतं, तेव्हापासून तो संधी शोधत होता.

हे इतकं क्षुद्र होतं की खरंच असणार.

"आणि रडतेस कशाला एवढी?" तो म्हणाला. "फाइलमधलं अक्षरन्अक्षर तुझ्या त्या मुरांब्याच्या वहीत आहे. मी कार्यकारिणीत तीनदा हसलोय त्यावरून. फाइल चोरून काही लपवायचं असतं, तर मी आधी वही नसती का उचलली? शेजारीच तर असते."

मी त्याच्या पायरीवर उभी होते आणि मला थंडी वाजेनाशी झाली.

वही फाइलला टेकून होती. फाइल नेणाऱ्याने ती बाजूला सरकवली असणार, हातात धरली असणार, प्लमचा मुरांबा असं वाचून परत ठेवली असणार. तिच्यात काय आहे हे पेगीला माहीत होतं, ती त्यावरूनच काम करायची. फोल्कमारला माहीत होतं, तो त्यावर हसायचा. किल्ल्या चार. त्यांतली एक माझी. कार्यकारिणीत न बसणारा किल्लीवाला एकच होता.

५

शुक्रवारी दुपारी कँटीन रिकामं होतं. हायनर टोमॅटोचे डबे फळीवर लावत होता. मी वही टेबलावर उघडून ठेवली, मागच्या बाजूने.

त्याने ते पान वाचलं, मग पुढची पानं उलटून पाहिली, मग पुन्हा मागची. त्याला खुर्ची लागली.

"ही मुरांब्याची होती," तो म्हणाला.

"अर्धी."

मग त्याने सगळं सांगितलं, लपवण्यात अर्थ नाही हे कळलेल्या माणसासारखं, एका दमात. आनेट २००८ साली सभासद झाली होती. तिसऱ्या मजल्यावरचं घर, तीन लहान मुलं, नवरा कामासाठी आठवडाभर बाहेर. कँटीनच्या माळ्यावर जुने कोरे छापील फॉर्म पडले होते. त्याने त्यातला एक भरला, तारीख मागची घातली आणि बँकेचा तपशील मुलीच्या कार्डावरून उतरवला. कार्डावर अर्थातच नवा कोड होता. वुंडरलिशना दिसत नव्हतंच. पाच वर्षं कोणी फाइल उघडली नाही. मग युरोपने तारखा मागितल्या, आणि मी एकेक पान वाचायला बसले.

फाइल त्याने शेगडीत घातली होती.

"ते एकच पान काढून घ्यायचं होतंस."

"तुझा शेवटचा दिवस होता, ट्राउडल. तू पाहिलंस की नाही मला ठाऊक नव्हतं. एक पान गेलं तर कोणाचं गेलं ते कळलं असतं. सगळी गेली तर..."

"तर माझ्यावर येईल."

तो वहीची पानं सारखी करू लागला. त्याचं ते न नाकारणं मला चोरीपेक्षा जास्त लागलं. दोन दिवसांपूर्वीच त्याने मला सूप वाढलं होतं.

मग तो अजिजीने बोलू लागला. उद्या तो उठून बोलेल, वसाहत त्याचं ऐकते, ठराव पडेल, माझा सतरा नंबर राहील. मी फक्त वही मिटायची. आनेटची मुलं त्या बागेत वाढली आहेत. "आणि त्या फामबाईंचं दुकान चांगलं चाललंय. त्यांचं काय अडलंय?"

"ते तू ठरवलंस? त्यांचं काय अडलंय ते?"

"तू त्यांना धड ओळखतही नाहीस. मला तीस वर्षं ओळखतेस."

"म्हणूनच आधी तुझ्याकडे आले. उद्या तू सांग. नाहीतर मी सांगेन."

"मी नाही सांगितलं, तर लोक तुझ्यावर उलटतील. बाग जाईल तुझी."

खरं होतं ते. त्याच्याविरुद्ध बोलणाऱ्याला आमच्या वसाहतीत मतं मिळत नाहीत. नवऱ्याची झाडं डोळ्यांसमोर आली. मला रडू येत होतं, आणि त्याच्यासमोर रडायचं नव्हतं.

"गेली तर जाऊ दे," मी म्हटलं, आणि वही घेऊन बाहेर पडले.

६

शनिवारी सभेला सत्तावन्न माणसं होती. मी हायनरकडे पाहिलं. तो खाली पाहत राहिला. मग मी उठले आणि सांगितलं. तीस आणि एकोणतीस, न जन्मलेला कोड, जागेवर राहिलेली वही. आवाज चढवला नाही. माझ्या हातून नक्कल करताना ते निसटलं, हेही सांगितलं. आनेट उठून बाहेर गेली. तिला खरंच काही माहीत नव्हतं असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं. हायनरने किल्ली काढून पेगीसमोर ठेवली आणि एवढंच म्हणाला, "तसंच आहे."

त्याने नाकारलं असतं तर बरं झालं असतं. कबुलीने लोक त्याच्यावर नाही, माझ्यावर चिडले. अशा गोष्टी आपसात मिटवतात, असं कोणी म्हणालं. फाइल गेली ती तुझ्याच कपाटातून ना, असं दुसरं कोणी. फोल्कमारने कार्यक्रमपत्रिकेला धरून ठराव मताला टाकला. मी उभीच राहिले. कोणाकोणाचे हात वर जातात ते मला पाहायचं होतं, आणि त्यांनाही मी पाहते आहे हे दिसायला हवं होतं. मला काढून टाका म्हणणारे सव्वीस. नको म्हणणारे एकतीस.

पाच मतांनी माझी बाग राहिली. त्या सव्वीसांतल्या अकराजणांना मी दर वर्षी नाशपाती देते.

फोल्कमारला आता सगळं लवकर गुंडाळायचं होतं. त्याने घाईने तोडगा काढला. आनेटचा तुकडा आहे तिथेच राहू द्यावा, फ्राउ फामना पुढचा रिकामा होईल तो मिळावा, आणि जुनी फाइल जळालीच आहे तर सर्वांनी पेगीच्या टेबलावर नव्या संमतिपत्रांवर सह्या कराव्यात, आजच्या तारखेने. लोक सुटल्यासारखे उठले आणि रांग लागली.

फ्राउ फाम मागच्या खुर्चीत बसून होती. तिची पाळी आली तेव्हा पेगीने पेन पुढे केलं. तिने ते घेतलं नाही.

"आजच्या तारखेने मी सही करणार नाही," ती म्हणाली. "आजची तारीख घातली की मी आज आले असं होईल. मी सोळा वर्षांपूर्वी आले. आधी ते सगळ्यांसमोर वाचा, आणि इतिवृत्तात लिहा. मग सही."

फोल्कमार म्हणाला की हे नंतर, कार्यकारिणीत पाहता येईल. ती हलली नाही. तिच्यामागची रांग थांबली. पेगीने माझ्याकडे पाहिलं, संगणक बाजूला सारून इतिवृत्ताची वही पुढे ओढली आणि पेनचं टोपण काढलं.

मी माझी वही उघडली आणि वाचलं. "रांगेतला क्रमांक एक. फाम थी लुआ. सहीची तारीख ३ एप्रिल १९९८. आठ नंबरचा तुकडा २००९ पासून यांचा."

"ठीक आहे, झालं," फोल्कमार म्हणाला. "आता सही करा."

"पुन्हा वाचा," फ्राउ फाम मला म्हणाली. "मागे बसलेल्यांना ऐकू गेलं नसेल. मी सोळा वर्षं मागेच बसते, तिथे ऐकू येत नाही."

मी पुन्हा वाचलं, अगदी मागच्या भिंतीपर्यंत जाईल इतक्या मोठ्याने, आणि वहीत नसलेल्या शेवटच्या ओळीवर जास्त जोर दिला.